पैसे आधी छतावर, मग फटींवर

पत्र : मूर्तिजापूरला आमचा ३० बाय ५० चा प्लॉट आहे, रस्ता पश्चिमेला. दिवाळीनंतर पाया खोदायचा आहे. खाली हजार फुटांचं घर, वर मोकळी गच्ची. कर्ज धरून हातात २२ लाख आहेत, कंत्राटदाराने १९०० रुपये फुटाने भाव दिलाय. पुतण्या जर्मनीत असतो. तो म्हणतो, "काकू, घर हवाबंद करा, एक फट ठेवू नका, विजेचं बिल निम्म्यावर येईल." तिकडच्या घरांचे व्हिडिओही पाठवतो. कंत्राटदार ते बघून हसला. ह्यांचं म्हणणं, कशाला डोकं शिणवायचं, दोन एसी लावू. आताच्या भाड्याच्या घरात उन्हाळ्यात रात्री बारापर्यंत डोळा लागत नाही, म्हणून विचारते. कोणाचं ऐकू? – एक शिक्षिका

ताई,

तिघांपैकी कोणाचंच पूर्ण ऐकू नका. पुतण्या बरोबर सांगतोय, पण ते त्याच्या गावाला लागू आहे. कंत्राटदार हसला म्हणजे त्याला विषय कळला असं नाही. आणि तुमच्या ह्यांचे दोन एसी म्हणजे कर्जाच्या हप्त्यासोबत दुसरा हप्ता, तो महावितरणचा.

हवाबंद घराची कल्पना जिथे वाढली तिथलं हवामान आधी बघू. जर्मनीतल्या डार्मस्टाटमध्ये १९९१ साली पहिलं 'पॅसिव्हहाउस', म्हणजे असं हवाबंद घर, उभं राहिलं. त्याची कसोटी कडक आहे. दारंखिडक्या लावायच्या, एका दारात मोठा पंखा बसवून आतल्या-बाहेरच्या दाबात ५० पास्कलचा फरक करायचा. त्या दाबाखाली तासाभरात घरातल्या एकूण हवेच्या ०.६ पटीपेक्षा जास्त हवा फटींतून जाता कामा नये. एवढी काटेकोरी का, तर तिकडे कडक थंडीत बाहेर उणे पाच आणि आत वीस. कधी पंचवीस अंशांचा, एरवी त्याहून कमी असा हा फरक रात्रंदिवस, महिनोन्‌महिने राहतो. त्यात आतली उबदार, दमट हवा फटीतून भिंतीत शिरली की तिथे गार होऊन तिचं पाणी सुटतं, लाकूड कुजतं, बुरशी धरते. म्हणून फटी बुजवायच्या. आणि सगळं बुजवल्यावर श्वासाला ताजी हवा हवी, म्हणून एक यंत्र बसवायचं. बाहेर जाणाऱ्या शिळ्या हवेतली ऊब काढून ते आत येणाऱ्या हवेला देतं आणि चोवीस तास चालू असतं. पुतण्याच्या व्हिडिओत ते कुठेतरी माळ्यावर बसवलेलं असेल, पुन्हा बघा. ते यंत्र वगळून नुसत्या फटी बुजवल्या तर घराचा डबा होतो.

आता आपल्याकडे या. अकोला जिल्ह्यात हिवाळ्यात घर गरम करायची वेळ येत नाही, एक रजई पुरते. त्रास मार्चअखेरपासून मृग लागेपर्यंतचा. तेव्हा दुपारी पारा ४२-४४ पर्यंत जातो, पण एप्रिलच्या पहाटे तोच पंचविशीच्या आसपास येतो. म्हणजे रोज रात्री काही तास बाहेरची हवा तुमच्या घरातल्या हवेपेक्षा गार असते, तीही फुकट. ती आत घ्यायची सोडून दारं लावून बसायचं?

हिशेब ढोबळ आहे, पण करून बघू. हजार फुटांचं घर, दहा फूट उंची, म्हणजे साधारण २८० घनमीटर हवा. बाहेर ४३ अंश, आत एसीने २८ राखलंय असं धरा. फटींमुळे तासाला घरातली हवा एकदा पूर्ण बदलली, तरी तिच्यासोबत येणारी उष्णता दीड किलोवॅटच्या आत बसते. आता वर बघा. मे महिन्यात उघड्या स्लॅबचा पृष्ठभाग साठ अंशांच्या पुढे जातो. मेअखेरीस तुमच्या गावात सूर्य भर दुपारी बरोब्बर डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. तेव्हा भिंतींवर ऊन तिरकं पडतं आणि छतावर सरळ. हजार फुटांच्या पाच इंची स्लॅबमधून भर दुपारनंतर खाली उतरणारी उष्णता आठ-दहा किलोवॅटच्या घरात जाते. एक टनाचा एसी साडेतीन किलोवॅट उष्णता बाहेर फेकतो. म्हणजे नुसत्या छतासाठी अडीच-तीन टन! तुमच्याकडे लाख रुपये जास्तीचे असतील तर ते दीड किलोवॅटच्या मागे घालायचे की दहा किलोवॅटच्या, हे तुम्हीच ठरवा.

रात्री बारापर्यंत झोप न येण्याचं कारणही हेच. काँक्रीट सावकाश तापतं आणि सावकाश निवतं. दुपारी पोटात घेतलेलं ऊन ते संध्याकाळी सातनंतर तुमच्या अंगावर सोडायला लागतं, आणि पंखा तीच छताखालची गरम हवा खाली ढकलत राहतो. येत्या उन्हाळ्यात रात्री दहाला स्टुलावर उभं राहून छताला तळहात लावून बघा. तोच हात उत्तरेच्या भिंतीला लावा. पैसे कुठे खर्च करायचे ते हाताला कळेल.

हवाबंदीच्या विरोधात दोन कारणं आणखी आहेत, आणि ती माझ्या मते पैशांपेक्षा मोठी. पहिलं कूलर. वऱ्हाडात उन्हाळा कूलरवर निघतो आणि तेच शहाणपणाचं आहे. एसीच्या मानाने त्याला वीज फारच थोडी लागते. पण कूलर बाहेरची हवा ओल्या गवतातून ओढून आत ढकलतो. जेवढी आत येते तेवढी बाहेर जायला वाट हवी. समोरची खिडकी बंद ठेवली की अर्ध्या तासात खोली चिकट होते आणि लोक कूलरला नावं ठेवतात. तेव्हा हवाबंद घर आणि कूलर एका छपराखाली नांदत नाहीत.

दुसरं गॅस गिझर. स्वस्त पडतो म्हणून तो बाथरूममध्ये बसवतात, आणि बंद बाथरूममध्ये त्याने माणसं गेल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात. हवा कमी पडली की जळताना कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग, ना वास. आपल्या घरांच्या फटी नकळत जी राखण करत होत्या ती तुम्ही बुजवणार असाल, तर गॅस गिझर घरात नकोच. बसवायचाच झाला तर बाहेर, मोकळ्या जागेत. स्वयंपाकघरातही तेच. फोडणीचा धूर आणि शेगडीची जळकी हवा जायला एक्झॉस्ट फॅन आणि त्याच्यासमोर हवा यायला वाट, दोन्ही हवं.

तेव्हा पहिला पैसा छताला. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण घाई सगळे इथेच करतात. कंत्राटदार स्लॅबवर ब्रिक बॅट कोबा, म्हणजे विटांच्या तुकड्यांचा थर, करून देईल. वॉटरप्रूफिंग म्हणून तो ठीक, उष्णतेला फार थोडा अडतो. तुम्ही त्याला स्लॅबच्या वर दोन इंची एक्सपीएस शीट घालायला सांगा. दाबून केलेला घट्ट थर्माकोल म्हणा हवं तर, पण पॅकिंगचा पांढरा भुसभुशीत थर्माकोल नव्हे, तो पायाखाली दबतो. क्रम असा ठेवा: स्लॅब, त्यावर वॉटरप्रूफिंग, मग गच्चीत पाणी साठवून ४८ तास गळती तपासायची, मग शीट एकमेकींना खेटून, सांध्यांवर टेप, त्यावर जाळी घालून उतारासह कोबा, आणि सर्वात वर चायना मोझॅक, पांढऱ्या टाइल्सच्या तुकड्यांचा. तपासणीच्या आधी शीट टाकू देऊ नका. नंतर गळलं तर कुठून गळतंय ते सापडता सापडत नाही.

केंद्राच्या 'इको निवास संहिता २०१८' मध्ये छतासाठी एक मर्यादा घातली आहे : उष्णता झिरपण्याचं माप १.२ च्या आत हवं. ती संहिता ५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या प्लॉटसाठी आहे, तुमचा प्लॉट १४० चा. सक्ती नाही, पण आकडा उपयोगी आहे. उघडा स्लॅब साडेतीनच्या वर असतो. एक इंची शीटने तो एकच्या खाली येतो, दोन इंचीने ०.५ च्या आसपास. पैसे अगदीच आखडले तर एक इंची घाला, पण घाला.

आणि तेही जमलं नाही, तर निदान चुना. कळीचा चुना भिजवून, गाळून, त्यात फेव्हिकॉल मिसळून गच्चीला दोन हात द्यायचे. खर्च नगण्य, दरवर्षी होळीच्या आसपास पुन्हा द्यावा लागतो, कारण आपल्याकडच्या धुळीने पांढरं फार दिवस पांढरं राहत नाही. पीओपीच्या फॉल्स सीलिंगला मात्र यात मोजू नका. शोभेला हवं तर करा. पण स्लॅब तापल्यावर खालून झाकण्यापेक्षा तो तापूच न देणं केव्हाही बरं.

तुमच्या आजोळी धाब्याचं घर असेल तर म्हणाल, हे सगळं आपल्या जुन्या लोकांना ठाऊक होतं. होतंच. हात-दीड हात मातीच्या छताखाली दुपारी घोंगडं घेऊन झोपता यायचं. पण ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात तसल्याच जड माळवदांखाली आणि दगडमातीच्या जाड भिंतींखाली हजारो माणसं गेली. मातीने जे काम वजन वाढवून केलं ते आज दोन इंची हलकी शीट करते, म्हणून तिचा आग्रह.

दुसरा मुद्दा पश्चिमेचा. तुमचा रस्ता पश्चिमेला, म्हणजे घराचं तोंडही तिकडेच. कंत्राटदार तिथे मोठी काचेची खिडकी, वर गडद रंगाची क्लॅडिंग, सीएनसी जाळी असं 'एलिव्हेशन' काढून देईल. ते आधी खोडा. त्या पैशांत तुमचं निम्मं-अधिक छत होऊन जाईल. पश्चिमेला जिना, बाथरूम, स्टोअर, पोर्च ठेवा. दुपारचं ऊन त्यांनी खावं. झोपायच्या खोल्या पूर्वेला, उत्तरेला. इथे वास्तुवाले आडवे येतील, कारण त्यांच्या मते मुख्य शयनगृह नैर्ऋत्येला हवं, आणि तो कोपरा पश्चिमेच्या भिंतीला लागून, जी मूर्तिजापुरात मे महिन्यात दुपारी दोन ते सहा सर्वात तापते. घरात यावरून भांडण नको. मोठी माणसं अडून बसली तर खोली नैर्ऋत्येला घ्या, पण तिच्या पश्चिम भिंतीला खिडकी नको, कपाटांची रांग लावा, आणि खिडकी दक्षिणेला काढा. दक्षिणेची खिडकी लोक उगाच घाबरून टाळतात. उन्हाळ्यात सूर्य इतका वर असतो की दोन फुटांचा छज्जा तिला पुरेसा होतो, आणि थंडीत सूर्य खाली आला की तिथूनच ऊन आत येतं. पूर्व-पश्चिमेच्या खिडकीला मात्र छज्जा पुरत नाही, कारण ऊन आडवं येतं. तिथे बाहेरून चिक, म्हणजे बांबूच्या काड्यांचा पडदा, लावा. आतून लावलेला जाड पडदा उजेड अडवतो, पण ऊन काचेतून आत येऊन गेलेलं असतं.

खिडक्यांबद्दल आणखी एक. रात्री गार हवा आत घ्या असं सांगणं सोपं. प्रत्यक्षात लोक खिडक्या उघडत नाहीत, कारण डास आणि चोर. म्हणून प्रत्येक खिडकीला लोखंडी ग्रिल आणि डासांची जाळी पहिल्या दिवसापासून हवी, 'नंतर बघू' नको. स्लायडिंगऐवजी कब्जाच्या खिडक्या घ्या. स्लायडिंग अर्धीच उघडते आणि बंद केल्यावर मधल्या पट्टीतून हवा झिरपते. कब्जाची पूर्ण उघडते आणि रबराच्या पट्टीवर घट्ट बसते. म्हणजे रात्री जास्त हवा आणि दुपारी कमी फटी, दोन्ही एकाच खिडकीत. जिन्याच्या वरच्या खोलीत छताजवळ उघडझाप करता येणारा झरोका ठेवा. संध्याकाळी तो आणि खालच्या खिडक्या उघडल्या की दिवसभराची कोंडलेली गरम हवा वरून निघून जाते. डबल काच सोडून द्या. तुमच्या बजेटात सावली तिच्यापेक्षा जास्त काम करते.

आता पुतण्याचं देणं चुकवू. घरातली एक खोली, जिथे एसी लागेल ती, खरोखर घट्ट करा. एकच खोली आणि एकच एसी. दुसरा तुमच्या ह्यांना दोन उन्हाळे थांबवून ठेवायला सांगा. जुलै-ऑगस्टच्या उकाड्यात कूलर निकामी असतो, तेव्हा ही खोली कामी येईल. गळती कुठे असते? खिडकीच्या चौकटीभोवती गवंडी पांढरं सिमेंट भरतो आणि वर्षभरात तिथे केसासारखी चीर पडते. तिथे आधी फोम, वरून सिलिकॉन हवं. दाराच्या खालची अर्ध्या इंचाची फट. एसीच्या पाइपचं भोक, ज्यात पुट्टी भरायला मेकॅनिक विसरतो. लॉफ्ट दोन खोल्यांत मिळून असेल तर ते. आणि अटॅच्ड बाथरूमची काचपट्ट्यांची खिडकी, म्हणून बाथरूमच्या दाराची खालची फटही सांभाळा.

जर्मन पंख्याची तपासणी तुम्हाला उदबत्तीने करता येईल. घराच्या सगळ्या खिडक्या आणि बाहेरची दारं लावा, त्या खोलीचं दार उघडं ठेवा, स्वयंपाकघरातला आणि बाथरूममधला एक्झॉस्ट चालू करा, छताचे पंखे बंद. मग पेटती उदबत्ती चौकटीच्या कडेने सावकाश फिरवा. जिथे धूर सरळ वर न जाता खोलीच्या आत वाकतो तिथे बाहेरची हवा येतेय. पेन्सिलने खूण करा. रंगकाम व्हायच्या आधी करा म्हणजे बुजवलेलं दिसणार नाही. एवढं केल्यावरही थोडी गळती राहतेच, आणि दोन-तीन माणसांना रात्रभर श्वास घ्यायला ती राहिलेली बरी. एसी २६-२७ वर आणि सोबत पंखा, एवढ्यात झोप लागते.

भिंतींचं थोडक्यात. पारसचं औष्णिक वीज केंद्र तुमच्याच जिल्ह्यात असल्याने फ्लाय अ‍ॅश विटा (कोळशाच्या राखेच्या) सहज मिळतील. मजबूत आहेत, पण उष्णता अडवण्यात मातीच्या विटेहून सरस नाहीत. एएसी ब्लॉक (आत हवेचे बुडबुडे असलेले सिमेंटचे ठोकळे) त्या कामात खूपच चांगले आणि वजनाला हलके. मात्र गवंड्याने ते आधी केलेले असले पाहिजेत. साध्या विटेसारखं जाड मालावर रचून जाड प्लास्टर चढवलं की तडे जातात. अनुभवी गवंडी नसेल तर हट्ट धरू नका. विटेची नऊ इंची बाहेरची भिंत आणि फिकट रंग चालेल.

आणि तडा म्हटलं की आपली काळी माती. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि वरच्या भिंतींना सोबत ओढते. पाया मुरमापर्यंत गेला पाहिजे किंवा इंजिनिअरने तुमच्या मातीसाठी काढून दिलेल्या पद्धतीने झाला पाहिजे. या खर्चातून एक रुपयाही छताकडे वळवू नका. पश्चिमेला कडुनिंब जरूर लावा, पण घरापासून चांगला लांब. मुळं पायाजवळची ओल शोषतात आणि माती आक्रसते.

पंखे बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचे, घ्या. साधा पंखा ७५ वॅट खातो, हा तिशीच्या आसपास. चार पंखे दिवसाला पंधरा तास चालले तर महिन्याला ऐंशी युनिट वाचतात, आणि घरगुती बिलात शंभर युनिटांनंतर दर एकदम चढतो हे तुम्ही भोगलंच असेल. सोलर सर्वात शेवटी. 'पीएम सूर्यघर' योजनेत पहिल्या दोन किलोवॅटला किलोवॅटमागे ३० हजार अनुदान आहे, तिसऱ्याला १८ हजार. तुम्हाला दोन किलोवॅट बहुधा पुरतील. आज पॅनेल घेणं जमत नसेल तर नुसती तयारी ठेवा: गच्चीच्या दक्षिण बाजूला टाकी नको, आणि गच्चीवरून मीटरपर्यंत एक रिकामा पाइप भिंतीत टाकून ठेवा. पॅनेल बसली की त्यांच्या सावलीने तेवढा स्लॅबही कमी तापतो.

कंत्राटदाराने तुम्हाला १९०० रुपये फुटाने भाव दिलाय असं तुम्ही लिहिलंत. त्या भावात कोबा, छज्जे, ग्रिल, जाळी धरलीय का, ते आधी विचारा. छताची शीट, चायना मोझॅक, कब्जाच्या खिडक्या आणि चौकटीभोवतीचा फोम या चार गोष्टींचे दर करारात वेगळे लिहून घ्या, शीटची जाडी इंचात आणि कंपनीच्या नावासह. एलिव्हेशनचे पैसे त्याने वजा करून दाखवावेत. शीट साइटवर आली की टाकण्याआधी स्वतः जाऊन जाडी मोजा, फोटो काढा. आणि छताचा हप्ता पाण्याची चाचणी पार पडून मोझॅक पूर्ण झाल्याशिवाय सोडू नका. तो स्लॅब पडल्या दिवशीच मागेल.